स्तनतपासणीची नोंदवही : तंजावूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय जिल्हाधिकारी,
तंजावूर जिल्हा, तामिळनाडू

विषय : जिल्ह्यातील स्त्रियांच्या स्तनतपासणीची नावनिशीवार, कायमस्वरूपी नोंद ठेवण्याबाबत



भारतात स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचा क्रमांक आज पहिला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बांधलेल्या अंदाजानुसार 2022 या एका वर्षात देशातील सुमारे 1,92,000 स्त्रियांमध्ये या रोगाचे नव्याने निदान झाले आणि सुमारे 98,000 स्त्रिया त्याने दगावल्या. त्याच वर्षी जगभरात सुमारे 23 लाख निदाने आणि 6 लाख 70 हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. जगात साधारण साडेतीन निदानांमागे एक मृत्यू असताना भारतात तो दोन निदानांमागे एक पडतो, आणि या तफावतीचे मोठे कारण उशीर हे आहे, कारण राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या आकडेवारीनुसार रुग्णालयात पोहोचणाऱ्या निम्म्याहून अधिक स्त्रियांचा रोग तोवर मूळ जागा सोडून आसपासच्या ऊतींत किंवा काखेतील ग्रंथींत पसरलेला असतो. हा उशीर केवळ नव्या औषधाने भरून निघणारा नाही, तो कारभाराने कमी करावा लागतो, आणि म्हणूनच हे पत्र एखाद्या शल्यचिकित्सकाला न लिहिता जिल्ह्याच्या मुख्य कारभाऱ्याला लिहिले जात आहे.

ते तंजावूरलाच आणि मराठीत का लिहिले जात आहे, यालाही कारण आहे. व्यंकोजी भोसले यांच्यापासून 1855 पर्यंत या भूमीवर मराठ्यांचे राज्य होते आणि त्या राज्याचे दफ्तर मोडी लिपीतल्या मराठीत लिहिले जात असे. 1799 च्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेल्यावर तंजावूरचे राजे दुसरे सरफोजी यांनी ज्या थोड्या गोष्टी स्वतःकडे राहाव्यात म्हणून आग्रह धरला, त्यांत रामेश्वरच्या वाटेवरील छत्रे, म्हणजे यात्रेकरू आणि वाटसरू यांच्यासाठी चालवलेली धर्मशाळावजा अन्नछत्रे, महत्त्वाची होती. 1801 मध्ये ब्रिटिश रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात त्यांनी या छत्रांचे काम तपशिलाने मांडले आहे. तिथे नुसते जेवण मिळत नसे, तर शिकवण्यासाठी पंतोजी आणि रोग, सूज व विषबाधा यांवर उपचार करणारे वैद्य नेमलेले असत, आजारी वाटसरू बरा होईपर्यंत त्याची देखभाल होई आणि प्रवासात दिवस भरलेल्या स्त्रीचे बाळंतपण करून तिला पुढेही सांभाळले जाई. त्याच सुमारास ओरतनाडू येथे उभारलेले मुक्तांबाळ छत्र या परंपरेतले विशेष प्रसिद्ध आहे. या छत्रांचे प्रशासन कालांतराने जिल्हाधिकारी कार्यालयाकडे आले; त्यामुळे स्त्रियांच्या आरोग्याची चिंता वाहणे हे या कार्यालयाच्या वारशातच आहे, असे म्हणण्यास आधार आहे.

सरफोजींच्या वैद्यकीय कार्यातील दुसरी गोष्ट आजच्या विषयाशी अधिक जवळची आहे. त्यांच्या धन्वंतरी महालात औषधे तयार होत, त्यांचे गुण तपासले जात, आणि त्या अनुभवातून निघालेले उपचार पुढे तमिळ पद्यात शरभेंद्र वैद्य मुरैगळ या ग्रंथमालेच्या रूपाने ग्रंथबद्ध झाले. तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात त्या काळातील नेत्ररुग्णांच्या ज्या नोंदी जपल्या आहेत, त्यांत रोग्याची लक्षणे, त्याच्या डोळ्याची रंगीत चित्रे आणि केलेले उपचार असे प्रत्येक रोग्याचे स्वतंत्र टिपण आढळते. उपचार करून रोग्याला वाटेला लावले आणि विसरले, असे तिथे घडले नाही. रोग्यागणिक नोंद आणि त्या नोंदीचा पाठपुरावा हे जे तत्त्व त्या कागदांत दिसते, तेच आज स्तनाच्या कर्करोगाच्या बाबतीत सर्वांत दुर्लक्षित आहे, आणि या पत्राची मागणी त्या एका तत्त्वापुरतीच आहे.

प्रथम रोगाविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. स्तन हा दूध तयार करणाऱ्या ग्रंथी, ते स्तनाग्रापर्यंत नेणाऱ्या नलिका, मेद आणि आधार देणारी तंतुमय ऊती यांचा बनलेला अवयव असून तो मासिक पाळी, गरोदरपण, स्तनपान आणि रजोनिवृत्ती यांबरोबर आयुष्यभर बदलत राहतो. त्यात लागणाऱ्या बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात. तरुण वयात हाताखाली सहज सरकणारी तंतुग्रंथींची गाठ, चाळिशीच्या आसपास पाण्याने भरलेली गाठ, अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला दूध साचून किंवा जंतुसंसर्गाने होणारी दुखरी सूज ही नित्याची उदाहरणे आहेत. कर्करोगाची गाठ मात्र बहुधा कठीण, कडा नीट न समजणारी आणि विशेष म्हणजे सुरुवातीला न दुखणारी असते. आणि जे दुखत नाही त्यासाठी दवाखान्याची पायरी न चढण्याची, किंबहुना दुखले तरी ते अंगावर काढण्याची सवय आपल्याकडील स्त्रियांना पिढ्यान्‌पिढ्या लागलेली असल्याने हा गुणधर्मच घातक ठरतो. गाठीखेरीज त्वचेला खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत व जाड होणे, पूर्वी सरळ असलेले स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यावर बरी न होणारी खपली धरणे, त्यातून आपोआप रक्तमिश्रित स्राव येणे, एका स्तनाचा आकार नव्याने बदलणे आणि काखेत गाठ लागणे ही लक्षणे दिसताच, वय कोणतेही असो, तपासणी करून घेणे आवश्यक असते.

रोगाची कारणे अंशतःच माहीत आहेत. वाढते वय, जवळच्या रक्ताच्या नात्यातील स्त्रियांना हा रोग झालेला असणे, बीआरसीए नावाच्या दोन जनुकांतील वारशाने आलेले दोष, पाळी लवकर सुरू होणे व उशिरा थांबणे, मूल न होणे किंवा पहिले मूल उशिरा होणे, रजोनिवृत्तीनंतरचा लठ्ठपणा, मद्यपान आणि शारीरिक श्रमांचा अभाव यांनी धोका वाढतो. स्तनपानाने तो कमी होतो. 30 देशांतील 47 अभ्यासांच्या 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणानुसार एकूण 12 महिन्यांच्या स्तनपानामागे धोका सुमारे 4.3 टक्क्यांनी घटतो. परंतु रोग झालेल्या कित्येक स्त्रियांमध्ये वयाखेरीज यांपैकी एकही ठळक कारण सापडत नाही. भारतात हा रोग पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत सरासरीने सुमारे दहा वर्षे लवकर आढळतो, याला लोकसंख्येतील तरुणांचे मोठे प्रमाण हे एक कारण आहे. घरात कोणाला नाही म्हणून आपल्याला होणार नाही, हा समज त्यामुळे निराधार ठरतो.

आता तपासणीच्या दोन प्रकारांतील फरक ध्यानात घ्यावा लागतो, कारण सरकारी योजनांमध्ये तो बहुधा पुसला जातो. लक्षण दिसल्यावर स्त्रीने विनाविलंब येणे आणि तिचे त्वरित निदान होणे याला शीघ्र निदान म्हणतात. कोणतेही लक्षण नसलेल्या स्त्रियांना ठरावीक अंतराने बोलावून तपासणे याला चाळणी तपासणी म्हणतात. पहिल्यासाठी चांगला दवाखाना आणि विश्वास लागतो. दुसऱ्यासाठी त्याखेरीज सर्व स्त्रियांची यादी, बोलावणे, पुन्हा बोलावणे आणि न आलेल्यांचा शोध अशी यंत्रणा लागते. पहिल्याचा पाया नसताना दुसऱ्याचा डोलारा उभारला, तर तपासणीत संशयित ठरलेली स्त्री पुढे कोठे जावे हे न कळून घरी परतते आणि संशयाची चिठ्ठी तेवढी तिच्याजवळ राहते.

मॅमोग्राफी, म्हणजे स्तन दोन पट्ट्यांमध्ये काही क्षण दाबून कमी मात्रेच्या क्ष-किरणांनी घेतलेली प्रतिमा, ही चाळणीची सर्वांत जास्त अभ्यासली गेलेली पद्धत आहे. ब्रिटनमध्ये 50 ते 71 या वयातील स्त्रियांना दर तीन वर्षांनी तिच्यासाठी बोलावले जाते, आणि 2012 मध्ये तेथील स्वतंत्र तज्ज्ञ समितीने या तपासणीमुळे स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे 20 टक्क्यांनी कमी होतात असा निष्कर्ष काढला. त्याचबरोबर, आयुष्यात कधीच त्रासदायक ठरला नसता असा रोगही तिच्यामुळे काही स्त्रियांत सापडतो व त्यांना अनावश्यक उपचार सोसावे लागतात, हेही समितीने स्पष्ट केले. तरुण स्त्रियांचे स्तन दाट असल्याने त्यांच्या प्रतिमेत गाठ लपून राहू शकते, म्हणून त्या वयात लक्षण असल्यास सोनोग्राफी अधिक उपयोगी पडते. प्रत्येक गावापर्यंत मॅमोग्राफी यंत्र, ते चालवणारा तंत्रज्ञ आणि प्रतिमा वाचणारा क्ष-किरणतज्ज्ञ नेणे आज शक्य नाही, हे मान्य करूनच पुढचा विचार करावा लागेल.

स्त्रियांना स्वतःचे स्तन दरमहा ठरावीक पद्धतीने तपासायला शिकवणे हा उपाय स्वस्त दिसतो, परंतु शांघायच्या कापड गिरण्यांतील 2,66,064 स्त्रियांवर सुमारे दहा वर्षे चाललेल्या आणि 2002 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शिकवलेल्या गटात 135 आणि न शिकवलेल्या गटात 131 स्त्रिया या रोगाने मरण पावल्या, म्हणजे मृत्यू घटले नाहीत, उलट निरुपद्रवी गाठींसाठी केलेल्या बायॉप्सी, म्हणजे गाठीतील तुकडा काढून केलेल्या तपासण्या, मात्र वाढल्या. यावरून स्त्रीने आपल्या शरीराकडे पाहूच नये असा अर्थ निघत नाही. आपल्या स्तनांचे नेहमीचे रूप व स्पर्श ओळखीचा असणे आणि त्यात बदल जाणवताच दवाखाना गाठणे ही जागरूकता आवश्यकच आहे. मात्र तपासणीची जबाबदारी पूर्णपणे स्त्रीवर टाकून आरोग्ययंत्रणेला मोकळे होता येत नाही, हा त्या चाचणीचा धडा आहे.

या दोहोंच्या मधला मार्ग मुंबईत शोधला गेला. टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील वीस वस्तीगटांमध्ये 35 ते 64 वर्षे वयाच्या 1,51,538 स्त्रियांवर एक चाचणी सुरू केली. निम्म्या गटांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी करीत आणि निम्म्या गटांत केवळ कर्करोगाविषयी माहिती दिली जाई. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की, तपासणी झालेल्या गटातील रोग अधिक लवकरच्या अवस्थेत सापडला. एकूण मृत्यूंमधील 15 टक्क्यांची घट संख्याशास्त्राच्या निकषावर निर्णायक ठरली नाही, परंतु 50 आणि त्याहून अधिक वयाच्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांमध्ये असा लाभ आढळला नाही. निष्कर्षाच्या दोन्ही बाजू सारख्याच महत्त्वाच्या आहेत. यंत्राविना, केवळ शिकवलेल्या हातांनीही जीव वाचू शकतात हे त्यातून कळते, आणि मनुष्यबळ अपुरे असेल तेव्हा कोणत्या वयाला अग्रक्रम द्यावा हेही कळते.

हे शिकवलेले हात नेमके काय करतात, हे पाहिले म्हणजे त्या कौशल्याचे मोल लक्षात येते. स्त्रीला प्रथम बसवून, हात खाली, मग डोक्यावर आणि मग कमरेवर दाबून धरायला सांगून दोन्ही स्तनांच्या त्वचेकडे व स्तनाग्रांकडे पाहिले जाते, कारण काही खळ्या स्नायू ताणल्यावरच दिसतात. नंतर गळपट्टीच्या हाडाच्या वर-खाली आणि काखेत ग्रंथी चाचपल्या जातात. त्यानंतर ती पाठीवर झोपून एक हात डोक्याखाली घेते, आणि सेविका मधल्या तीन बोटांच्या अग्रांऐवजी त्यांच्या मांसल पेरांनी लहान लहान वर्तुळे काढत, प्रत्येक ठिकाणी हलका, मध्यम आणि बरगडीपर्यंत पोहोचणारा असा तीन प्रकारचा दाब देत, उभ्या पट्ट्यांत काखेच्या मध्यरेषेपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत सरकत जाते. प्रत्येक स्तनाला काही मिनिटे लागतात. एका सकाळी शंभर-दीडशे स्त्रिया उरकणाऱ्या शिबिरात ही तपासणी होणे अशक्य आहे. तिथे होते ती स्पर्शाची केवळ औपचारिकता. आडोसा असलेली खोली, तपासणारी स्त्रीच असणे आणि काय करणार हे आधी सांगणे या गोष्टी सौजन्याच्या वाटल्या, तरी त्या नसतील तर पुढच्या खेपेला स्त्रिया येत नाहीत, म्हणून त्या तपासणीच्या दर्जाचाच भाग मानाव्या लागतात.

तामिळनाडूला या कामाची मोठी पूर्वपरंपरा आहे. तंजावूरच्या शेजारच्या पुदुकोट्टैत 1886 मध्ये जन्मलेल्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी बहिणीचा कर्करोगाने झालेला मृत्यू पाहिल्यावर या रोगासाठी स्वतंत्र रुग्णालयाचा ध्यास घेतला आणि 1954 मध्ये मद्रासच्या अड्यार भागात कर्करोग संस्था सुरू झाली, डॉ. व्ही. शांता यांनी 2021 मधील निधनापर्यंत सहा दशकांहून अधिक काळ तिथे काम केले. राज्याने 5 ऑगस्ट 2021 रोजी ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम’, म्हणजे लोकांच्या दारी वैद्यकसेवा, ही योजना सुरू करून रक्तदाब व मधुमेहाची औषधे घरोघरी पोहोचवली, आणि 2023 अखेरीस इरोड, राणीपेट, तिरुपत्तूर व कन्याकुमारी या चार जिल्ह्यांत घरी निमंत्रणपत्र देऊन मुखाच्या, स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाळणी करण्याचा संघटित कार्यक्रम हाती घेतला. केंद्राच्या 2016 च्या मार्गदर्शक आराखड्यातही 30 ते 65 या वयातील स्त्रियांची स्तनतपासणी दर पाच वर्षांनी करावी असे आहे. तरीही 2019 ते 2021 दरम्यान झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वर्षांच्या स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी स्तनतपासणी झालेल्या देशभरात 0.9 टक्केच होत्या, आणि तामिळनाडूचा आकडा त्याहून बराच चांगला असला तरी तोही दहातल्या एकीपर्यंत पोहोचला नव्हता. म्हणजे धोरण आहे, माणसे आहेत, औषध घेऊन रोज दार ठोठावणाऱ्या सेविकाही आहेत. उणीव आहे ती स्तनतपासणी त्यांच्या रोजच्या कामात नोंदीसह बसवण्याची.

या बाबतीत कावेरीच्या खोऱ्याची एक स्वतःची अडचण आहे, जी बाहेरून आलेल्या कार्यक्रमपत्रिकेत दिसत नाही. ऑक्टोबर हा जगभर स्तनाच्या कर्करोगाविषयी जागृतीचा महिना मानला जातो, आणि गुलाबी फिती, पदयात्रा व शिबिरे यांची सारी धामधूम त्या महिन्यात होते. परंतु 12 जून या प्रथेप्रमाणे ठरलेल्या दिवशी किंवा त्याच्या आगेमागे मेट्टूर धरणाचे पाणी सुटल्यावर तंजावूरच्या शेतीचे जे चक्र सुरू होते, त्यात सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे एकीकडे कुरुवै भाताची कापणी आणि दुसरीकडे सांबा व तालडी भाताची लावणी. लावणीचे काम मुख्यतः स्त्रियांच्या हातांनी होते, आणि त्या मजुरीवर दिवाळीचा खर्च अवलंबून असतो. त्यातच ईशान्य मान्सूनचा पाऊस सुरू होतो. गुडघाभर चिखलात रोप लावणाऱ्या शेतमजूर स्त्रीने त्या दिवसांत एक रोजगार बुडवून शिबिराला यावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. पोंगलनंतर सांबाची कापणी आटोपते आणि मार्चपासून पाणी सुटेपर्यंत शेतात हाताला काम कमी असते, ग्रामीण रोजगार हमीच्या कामांवर स्त्रिया एकत्र येतात. पट्टुकोट्टै, पेरावुरणी, पापनाशम या भागांतील तपासणीचा मुख्य हंगाम तोच असला पाहिजे, आणि ऑक्टोबरमध्ये फार तर शहरातील नोकरदार स्त्रियांसाठी कार्यक्रम घ्यावेत.

तथापि तपासणी ही साखळीची पहिली कडी आहे. गाठ सापडल्यावर निदानासाठी त्रिस्तरीय तपासणी करावी लागते : अनुभवी डॉक्टरांची तपासणी, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी, आणि भूल देऊन जाड सुईने गाठीतील ऊतीचे बारीक तुकडे काढण्याची बायॉप्सी. हे तुकडे तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये जावे लागतात आणि त्यात किमान 6 व जास्तीत जास्त 72 तास राहावे लागतात. कारण त्यांवरून केवळ कर्करोग आहे की नाही एवढेच ठरत नाही. पेशींवर इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांची ग्राहके आणि हर-2 नावाचे प्रथिन आहे का, यावर पुढचे औषध ठरते, आणि तुकडा बाटलीत उशिरा पडला किंवा बाटली आठवडाभर कोणाच्या टेबलावर राहिली, तर असलेले ग्राहकही नसल्यासारखे दिसू शकते. एका बाटलीच्या दिरंगाईने एखाद्या स्त्रीला वर्षानुवर्षे उपयोगी पडणारी स्वस्त संप्रेरकविरोधी गोळी नाकारली जाऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ठरवलेली तीन उद्दिष्टे याच साखळीवर बोट ठेवतात. निदान होणाऱ्यांपैकी किमान 60 टक्के रोग पहिल्या दोन अवस्थांत सापडावेत, दवाखान्यात आल्यापासून 60 दिवसांत निदान पूर्ण व्हावे, आणि किमान 80 टक्के स्त्रियांचे उपचार अर्धवट न सुटता पूर्ण व्हावेत.

या पार्श्वभूमीवर जिल्हा प्रशासनाकडे चार गोष्टींची विनंती आहे.

पहिली, प्रत्येक आरोग्य उपकेंद्रात 30 वर्षांवरील सर्व स्त्रियांची नावनिशीवार नोंदवही ठेवावी, ज्यात शेवटची तपासणी, तिचा निष्कर्ष आणि पुढच्या तपासणीची तारीख असेल. तपासणी पन्नाशीवरील स्त्रियांपासून सुरू करावी, त्यांच्यासाठी अंतर दोन वर्षांचे ठेवावे, आणि तपासणाऱ्या ग्राम आरोग्य परिचारिकांच्या हातांची परीक्षा दरवर्षी व्हावी.

दुसरी, तंजावूर वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि कुंभकोणमचे सरकारी रुग्णालय येथे आठवड्यातील एक दिवस स्तनविकारांसाठी राखून त्या दिवशी तिन्ही तपासण्या एकाच फेरीत व्हाव्यात. लक्षण असलेली स्त्री कोणत्याही वयाची असो, तिला तिथे चिठ्ठीशिवाय प्रवेश असावा. नोंदवहीत संशयित म्हणून लिहिलेली स्त्री दोन आठवड्यांत तिथे पोहोचली नाही, तर तिच्या घरी जाणे हे नेमून दिलेले काम असावे.

तिसरी, उपचार अर्धवट सोडण्यामागे खर्चाइतकेच अंतर असते हे ओळखावे. मुख्यमंत्र्यांच्या सर्वंकष आरोग्य विमा योजनेतून पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात, परंतु किरणोपचारासाठी आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे तीन ते पाच आठवडे रोज शहरात येण्याचा प्रवास, बुडालेली मजुरी आणि घरी ठेवलेली मुले हा खर्च त्यात येत नाही. छत्रांच्या उत्पन्नातून अशा स्त्रियांच्या आणि त्यांच्या सोबतिणीच्या मुक्कामाची व जेवणाची तरतूद करता येईल का, हे प्रशासनाने तपासावे. छत्रांच्या मूळ हेतूला याहून जवळचे काम आज क्वचितच सापडेल.

चौथी, दरवर्षी एक पानाचा अहवाल तमिळमध्ये प्रसिद्ध करावा : किती स्त्रियांना बोलावले, किती आल्या, किती संशयित ठरल्या, त्यांपैकी किती रुग्णालयात पोहोचल्या, किती जणींचे निदान 60 दिवसांत झाले, रोग कोणत्या अवस्थेत होता आणि किती जणींचे उपचार पूर्ण झाले. शिबिरांची संख्या आणि लाभार्थींचा एकत्रित आकडा यांतून यांपैकी काहीच कळत नाही.

यावर असा आक्षेप येईल की परिचारिकांवर आधीच कामाचा बोजा आहे आणि तपासण्या वाढल्या की निरुपद्रवी गाठींची भीतीही वाढेल. पहिला आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच सर्व वयोगट एकदम न घेता वयाचा अग्रक्रम व पिकांचे वेळापत्रक सुचवले आहे. शिवाय एका शिबिराच्या मांडवावर, फलकांवर आणि छायाचित्रांवर होणारा खर्च एखाद्या परिचारिकेच्या प्रशिक्षणाकडे वळवता येतो. दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर तपासणी टाळणे हे नाही, निदान झटपट करणे हे आहे. दहा जणींपैकी नऊ जणींना गाठ साधी असल्याचे त्याच दिवशी सांगता आले, तर भीती तिथेच संपते. तीच गोष्ट सांगायला दोन महिने लागले, तर भीती घरभर पसरते.

तंजावूर, कुंभकोणम आणि आसपासच्या गावांत आजही घरी मराठी बोलणारी कुटुंबे आहेत. शेजारच्या तमिळ स्त्रियांप्रमाणेच त्या घरांतील आजी, आई आणि सुनांचाही या नोंदवहीत समावेश व्हावा, एवढीच त्यांच्यासाठी वेगळी अपेक्षा आहे. त्या घरांतील कर्त्या पुरुषांनाही एक सांगणे आहे : घरातील स्त्रीने स्तनात काही वेगळे जाणवल्याचे सांगितले, तर सण, लग्न किंवा सुगी पार पडण्याची वाट पाहू नये आणि त्याच आठवड्यात तिला दवाखान्यात न्यावे.

जिल्हाधिकारी महोदय, येत्या मार्चपूर्वी किमान एका तालुक्यात अशी नोंदवही सुरू करण्याचा आदेश निघावा आणि तिचा पहिला वार्षिक अहवाल लोकांसमोर ठेवावा, ही नम्र विनंती.

कळावे.

मराठी वाचकांच्या वतीने